बोटभर वर

चावी माझ्याकडे असते, इनुसिक.
शाळा सुटली की जिमची फरशी मीच पुसते,
आणि रोज त्याच बाकाखाली
तुझ्या बुटांचे दोन ओले डाग सापडतात.
बाकापासून पुढे गेलेला
एकही ठसा नाही.

बाहेर उणे चौतीस.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य
आता फेब्रुवारीशिवाय तोंड दाखवायचा नाही.
अशा दिवसांत माणूस आतल्या आत गोठतो,
हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
माझा भाऊ एक अख्खा हिवाळा
भिंतीकडे तोंड करून निजला होता.
उठला, तो कुत्र्यांना खायला घालायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
मग त्यांच्या मागे चालला,
मग पळाला,
आणि मार्चमध्ये एकदा जेवताना
त्यानं मीठ मागितलं.
आई तेव्हा रडली. मिठासाठी.

तो बघ, टांगलाय.
सीलच्या कातड्याचा चेंडू, मुठीएवढा.
दोन्ही पायांनी उडायचं,
एका पायानं त्याला शिवायचं,
आणि त्याच पायावर उतरायचं.
एवढंच.
सांगायला एवढंच.
जुनी माणसं म्हणतात,
शिकार मिळाली की पुढे धावत येणारा
लांबूनच हवेत अशी लाथ झाडायचा,
आणि गाव चुली पेटवायला लागायचं.
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.
मला मात्र उडीची बातमी करणारी माणसं आवडतात.

मंगळवारचं आठवतं ना?
मीका दोनदा चुकली होती.
तिसऱ्यांदा चुकली असती तर उलायू जिंकणार होती.
आणि उलायूच उठून तिच्या कानाशी गेली :
‘टाच उशिरा उचलतेस गं.
चेंडूकडे बघू नकोस, त्याच्या वर बघ.’
मीकाचा पाय लागला.
उलायू हरली,
आणि सगळ्यात मोठी आरोळी तिनंच ठोकली.
तू पाहिलंस.
तुझ्या डोक्यावरचा हूड तेव्हा मागे पडला होता,
आणि तो सावरायचं तुला सुचलं नाही.

तुला वाटतं, सगळे बघतील.
बघतील रे.
इथं बघतात ते त्यासाठीच,
काय चुकलं ते सांगायला.

आता माझं ऐक. हे पौलूसी सरांनाही माहीत नाही.
मी तुझ्याएवढी होते तेव्हा
माझं अक्षर फार सुरेख होतं,
म्हणून मला वही दिली.
मुलं उडायची, मी आकडे लिहायची.
एकेक आकडा मोत्यासारखा.
चाळीस वर्षं झाली,
कोण किती उंच गेलं, अजून तोंडपाठ आहे.
जे बोटीतून गेले त्यांचं,
जे दक्षिणेला गेले त्यांचं,
जे राहिलेच नाहीत त्यांचंसुद्धा.
मी किती उंच गेले असते,
तेवढं त्या वहीत नाही.
वही मी नीट सांभाळली,
म्हणून बक्षीस मिळालं होतं. एक पेन.

साडेसातपर्यंत कुणी येत नाही.
चेंडू मी खाली घेतलाय, गुडघ्याएवढा.
हस. हसायचं तर हसून घे.
हा खुबा गेल्या वर्षापासून कुरकुरतोय,
ही बादली जरा बाजूला सरकव,
आणि हे मोजे निसरडे आहेत, ते काढते.

हं.

आई गं.

नाही, लागलं नाही. हात नको देऊस, उठते मी.
चेंडू बघ आधी.
हलतोय ना?
खिडक्या बंद आहेत, इथं वारा कुठला!
मीच हलवला तो.
पडले, ते नंतर.

चल, दोरी बोटभर वर घे.
मी नाही, तू घे.
त्यासाठी बाकावरून उठावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.
घेतलीस?
आता जरा जवळ ये,
आणि मला सांग,
माझं काय चुकलं.