परकारांच्या तीन ओळी

शुक्रवारी पहाटे दोन ते चार
सोहारच्या बंदरामागे आमची कंपनी बंद असते.
म्हणजे क्रेन चालू, माणसं चालू,
फक्त पगार, गेटपास, मेसची कुपनं
माझ्या हातात.
बाहेर एवढ्या रात्रीही छत्तीस डिग्री, आत सोळा.
मी इथे स्वेटर घालून बसते
हे कराडला आईला अजून पटलेलं नाही.

काम सोपं आहे. एकच माणूस दोनदा आला असेल
तर त्याचा एक करायचा.
ही कंपनी तिने घेतली, तिला आणखी कुणी,
आणि दर वेळी कुणीतरी याद्या नव्याने टाइप केल्या.
अरबीत प नाही. परकारांचे बरकार झाले.
मग त्रिचूरच्या एका कारकुनाने त्यांना पुरकर केलं,
शौकतचं शौकथ. त्याच्या गावी तसंच लिहितात,
त्याचा काय दोष.

तीन ओळी, तीन क्रमांक.
जन्मतारीख तिन्हींत एक जानेवारी,
ज्याला आपली ठाऊक नसते त्याला कचेरीतून मिळते ती.
पहिला नऊ वर्षं होता आणि गेला.
दुसरा सहा वर्षं होता आणि गेला.
तिसऱ्याची सात चालू आहेत.
नियमात बसेल एवढी रक्कम तिघांपैकी कुणालाच निघत नाही.

आणि परकारचाचा बावीस वर्षं
त्याच स्टोअरमध्ये, त्याच उंच स्टुलावर,
नटबोल्ट मोजत.

मंगळवारी आले. खिशातून रेक्झिनची डायरी.
‘बाय, माजा हिसाब बग. निगायचा झालाय.’
पानापानावर उभ्या रेघा, पाचवी आडवी,
वर देवनागरी आकडे, दाभोळच्या शाळेत गिरवलेले.
घामाने शाई पसरलेली, पण एक दिवस चुकलेला नाही.
मी विचारलं, याची दुसरी प्रत?
त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

आमच्याकडे प्रती तीन, एक मस्कतला, एक इथे,
तिसरी कुठे आहे ते मलाही सांगत नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात साठ अक्षरं मावतात.
दुसऱ्या ओळीत, सतरा वर्षांपूर्वीची नोंद:
‘तातडीने पंधरा दिवस रजा हवी, घरी आईची तब्येत फार’
पुढे काही नाही. यंत्राने साठाव्या अक्षरावर कापलं.
मी त्यांना वाचून दाखवलं.
‘हां,’ म्हणाले. ‘ती रजा मिलालीच नाय.’
आणि चष्मा पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

घेतलेल्या रजांचा रकाना शून्य असता
तर निदान कुणी मोजलं असं झालं असतं.
तो रिकामा होता.
रिकामं आणि शून्य यांत फरक आहे,
नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते
आणि ती दुसऱ्या दिवशी विसरतात.

तीन वाजून चाळीस. तिन्ही ओळी निवडल्या.
यंत्र विचारतं, ठेवायचा कोणता?
मी बरकार ठेवला, पासपोर्टाशी जुळतो म्हणून.
वर्षं जोडली. शेरे जोडले, कापलेला तसाच.
पक्कं करायच्या आधी मागे फिरता येतं,
या घटकेला काहीच घडलेलं नसतं,
ते तिघेही असतात आणि एकही.
मी चहाचा घोट घेतला. थंड.
मग बटण दाबलं.
नऊ आणि सहा आणि सात.

साडेपाचला फोन. मेसचा रामसूरत.
मेसच्या यादीतून जुन्या दोघांना कुणी कधी काढलंच नव्हतं,
हे मला माहीत नव्हतं.

‘मॅडम, आज दोन माणसं कमी. कोण गेलं?’
कुणी नाही, म्हटलं. ते दोघे नव्हतेच कधी.
पलीकडे तव्याचा आवाज. मग जरा वेळ तोही नाही.
‘मग रोज रात्री
त्यांचे डबे कोण नेत होतं?’