शेऱ्याचा रकाना

वर्षातून चार वेळा मी विहिरीत टेप सोडतो.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
टेपच्या टोकाला आधी खडू चोळायचा,
शाळेतला असतो तोच, पांढरा;
वर ओढल्यावर खडू जिथवर गडद, तिथवर पाणी.
कठड्याची उंची वजा करायची आणि लिहायचं:
जमिनीखाली इतके मीटर, इतके सेंटिमीटर.
एकवीस वर्षं झाली.
आमची ओळख तेवढीच, बोटभर ओल्या खडूची.

मंद्रूपच्या विहिरीत कासव आहे.
टेप दिसला की बाजूला सरकतं, सवयीनं.
बोरामणीच्या विहिरीत मे महिन्यात टेप
थेट कातळावर खण्णकन वाजतो.
मग मी लिहितो 'कोरडी'
आणि फटफटीला किक मारतो.
कातळाच्या आत किती, हे विचारायला
कुणी मला टेप दिलेला नाही.

घरी लेक पेपर मोठ्यानं वाचते:
उजनी उणे एकोणीस टक्के.
बाबा, शून्याच्या खाली पाणी कसं असतं?
असतं, मी म्हणतो, शून्य माणसांनी ठरवलेलं असतं.
मग काल आपण प्यायलो ते वजा पाणी?
बायको म्हणते, वजा असो नाहीतर गुणिले,
उद्या पाचवा दिवस, पहाटे तीनला येईल,
पिंप घासून ठेवा.
आमच्या गल्लीत साखरपुड्याची तारीखसुद्धा
पंचांगाआधी नळाला विचारतात.

गेल्या ऑक्टोबरात, दाजी पेठेच्या मागे,
डाईहाऊसला लागून असलेल्या विहिरीत टेप सोडला.
दोऱ्यांवर सुताच्या लडी ठिबकत होत्या.
शेजारच्या ओट्यावर राजव्वा येमूल
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या,
बाजूच्या घमेल्यात तेंदूची पानं भिजलेली.
'किती लागलं ओ?'
'नऊ बेचाळीस.'
त्या हसल्या. ओट्याखालचा खडा उचलला,
न उठता टाकला, नेमका विहिरीत:
'ओकटि… रें—'
आणि डुबुक.
'रेंडु पुरा व्हायच्या आत वाजला. बरं हाय औंदा.
आमच्या अत्ताच्या टायमाला
ओकटि म्हणायला तोंड उघडलं की वाजायचा.'

मी टेप गुंडाळत होतो.
नवव्या मीटरच्या पुढे
खडू नुसता ओला नव्हता.
डाळिंब फोडल्यावर बोटांना लागतो
तसा लाल होता.

फॉर्मवर रंगाला जागा नाही.
शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, दोन बोटं रुंद,
त्यात एकवीस वर्षं मी 'निरंक' लिहीत आलो.
त्या दिवशी लिहिलं, 'लाल'.

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं:
विहीर क्रमांक सतरा.
लाल म्हणजे किती? एकक नमूद करावे.

पत्र खिशात घालून परत गेलो.
राजव्वांनी वाचायला चष्मा मागवला नाही,
मीच वाचून दाखवलं.
हातातली विडी त्यांनी दोऱ्यानं बांधली,
नखानं तोंड मुडपलं,
दुसरं पान घेतलं.
'दोन गाठी,' म्हणाल्या.
'दिवाळीचा माल होता. चादरीचा.
हिरवा असला की बादली पुरत नाही कपडे खळबळायला,
लालचं तसं नाही, लाल दोन गाठीत निघतो.
आता पांढरा चालू हाय, बघा की.'

वाकून बघितलं.
खाली मी होतो, पत्र हातात,
आणि माझ्यावर तरंगणारं
तेंदूचं एक कातरलेलं पान.

रकान्यात लिहिलं: दोन गाठी.
पोच अजून आलेली नाही.
टेप मी तीनदा धुतला,
नऊ ते दहाच्या मधले आकडे
अजून थोडे गुलाबी आहेत.
जानेवारीत मंद्रूपला टेप सोडला
तेव्हा कासव सरकलं नाही.
जवळ आलं, बराच वेळ
त्या मीटरपाशी थांबलं.