भेटीचा उद्देश

चांदोलीचं गेट सहाला उघडतं,
म्हणजे गंगावेशीतून चारलाच निघायला हवं.
बांबवड्यावरनं, की कोडोलीवरनं?
सर्जेराव म्हणतो, पेट्रोल आजच भरू.
दुर्बीण शेजारच्या पोराची, एक काच धुरकट.

अर्जात रकाना : भेटीचा उद्देश.
मी लिहिलं, गवे, पक्षी.

धुळाप्पामामा खाटेवरनं ऐकत होते.
"झऱ्याचं टाकं हाय तिथं.
त्येच्या वरल्या अंगाला आमचा उंबरा."
मग जरा थांबून,
"सांजच्याला भाईर यावं लागतंय न्हवं?"

हो. पाचच्या आत.

माणसं : तीन.
खोडून मी चार केलं.
पत्ता कुठला घालू, मामा?

त्यांनी भडंगाची पिशवी उचलली,
हातात तोलली, आत बघितलं.
"ह्यात शेंगदाणं कमी हायेत," म्हणाले.