मुहर्रकजवळ, तराफ्यावर

नळीतून गाळ निघाला. वर शिंपले,
खाली काळी माती, मातीत
लव्हाळ्याचं मूळ, केसाएवढं.
पांगारकर हुंगून म्हणाला, "गोड्या पाण्यातलं."

म्हणजे इथे नदीकाठ होता. चुली होत्या.
आणि इथल्या कुणी कधी न पाहिलेला
उत्तरेचा बर्फ सुटला.

समुद्र पायीच आला:
दिवसाला हातभर,
सपाटी लागली की चार हात.
रात्री रोवलेली काठी सकाळी ओली.
उपटायची, मागे रोवायची.
किती वेळा, ते गाळ सांगत नाही.

मी डबीवर खोली लिहिली, सही केली.

संध्याकाळी पाणबुड्या जुमा वर आला.
तळाशी अजून गोड्या पाण्याचा झरा उसळतोय, म्हणाला.

समुद्र आल्याचं
त्याला कुणी कळवलंच नाही.