पाण्यावरून चौदा किलोमीटर

तीन कोटेशनं टेबलावर,
उडू नयेत म्हणून वर दीपनगरच्या राखेची एक वीट.

पहिला रेडिओ पाच गिगाहर्ट्झचा. स्वस्त.
पण भुसावळच्या आभाळात पाच गिगाहर्ट्झ म्हणजे
भर दुपारचा आठवडे बाजार,
जो तो आपल्याच मालाचं नाव ओरडतो.
दुसरा साठचा. वेग असा
की हेमराज झांबरे नुसता आकडा वाचून चष्मा पुसतो.
चौदा किलोमीटर मात्र त्याला झेपायचे नाहीत,
हवाच त्याला वाटेत पिऊन टाकते.
तिसरा परवान्याचा. दिल्लीला अर्ज, दरसालची रॉयल्टी,
आणि आमच्या पावणेचारशे जोडण्यांनी
दिवाळीपर्यंतची बिलं आगाऊ भरली
तरी हप्ता उरतोच.

"तिसराच घेऊन टाकू," हेमराज म्हणतो,
"रोज पहाटे किती शिव्या खायच्या?"

पहाटे. दुखणं तिथेच आहे.
पाच चाळीसला लिंक पडते,
सव्वासातला उठून बसते, काही झालंच नाही अशी.
शेहेचाळीस अंशांत गच्चीवर पाय ठेववत नाही, तेव्हा पडत नाही.
वावटळीत टॉवरच्या तारा वाजतात, तेव्हा नाही.
नेमकी तेव्हा, जेव्हा पल्याड
केळी कापणारी टोळी ट्रकपाशी खोळंबलेली
आणि सुलभा वायकोळे फोन झटकत असते,
भाव आत कुठेतरी अडकलाय,
बरणीच्या तळाशी चिकटलेल्या गुळासारखा.

म्हणून एका रात्री मी काठावरच थांबले.
सोबत रुबाब तडवी, चढायचा पट्टा उशाला घेऊन.
माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात आलेख, आलेखात काही नाही.
"मशिनीले काय इचारता, ताई," तो कूस बदलत म्हणाला,
"पाण्याले इचारा."

उजाडताना धरणाचं पाणी असं निपचित
की दीपनगरची चिमणी त्यात उलटी उभी होती,
धुरासकट.
दोन चिमण्या.
मी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे,
आणि घड्याळात पाच एकेचाळीस.

म्हणजे सिग्नलही दोन.
एक सरळ येणारा,
एक पाण्याला टेकून, अर्ध्या लाटेने उशिरा.
दोघंही माझेच, दोघंही तेच सांगणारे,
आणि दोघं मिळून शून्य.
घरात असं होतं हे ठाऊक होतं.
आभाळातही होतं?

सव्वासातला वारा सुटला.
पहिल्या लहरीने चिमणी मोडली.
लॅपटॉपवर हिरवा दिवा.

घेतला शेवटी पहिलाच, पण तीन फुटी तव्याचा,
अरुंद नजरेचा, बाजारात फक्त
आपल्याच माणसाचा आवाज ऐकणारा.
आणि पल्याडची डिश उतरवली, अकरा मीटर खाली,
काठावरच्या निंबांनी पाणी झाकावं
आणि भुसावळ तेवढं शेंड्यांवरून दिसावं, अशी.
रुबाब दोरीला लटकून हसत होता:
"चढायची मजुरी ठरली व्हती. उतरायची किती?"
वाचलेल्या पैशांत तांब्याची पट्टी, वीजरोधक,
आणि कपाटात एक जास्तीचा रेडिओ,
त्याच्यासाठी हेमराज दोन दिवस बोलला नाही.

आज पाच चाळीस. उणे अठ्ठावन्न. पाच पन्नास. उणे अठ्ठावन्न.
भाव आला: अकराशे दहा.
सुलभाने शिवी दिली, भावाला.

खाली पाने पुसत रुबाबने विचारलं,
"धरणाचे दरवाजे लागले आन पाणी चढलं, तं?"

वहीच्या कोपऱ्यात मी लिहिलं:
पाणी चढलं तर.
पुढची ओळ अजून कोरी आहे.
दिल्लीचा अर्जही फाडलेला नाही,
विटेखालीच आहे.