काड्यांचा हिशेब

वेतेच्या धक्क्यावर दिवस बुडाला की
मामा विस्तव पेटवतो, आणि माझ्या हातात येतो
झावळीचा विणलेला पंखा.
आमच्या भाषेत पंख्याला आणि फुलपाखराला
एकच शब्द आहे.
धूर डोळ्यांत गेला की
मला फुलपाखरू अजिबात आठवत नाही.

रस्त्याच्या कडेला दिवसभर वाळत घातलेली लवंग
आता पोत्यांत भरून नेलीय. वास मात्र तिथेच राहिलाय,
आणि त्याच्यावर चढतोय आमचा वास:
चिंचेच्या कोळात बुडवून निखाऱ्यावर टाकलेला पवेझा,
आठ पायांचा, जांभळट, कडेने करपत आलेला.
शेजारी ओमारीच्या सळ्यांवर मांस ठिबकतंय,
पलीकडे बी टाटू कसावा तळते.
तिच्या नारळाच्या चटणीसाठी
पोलीससुद्धा रांगेत उभा राहतो, टोपी काखेत धरून.

मामा पाय कापतो. सुरी झिजून बोटाएवढी उरलीय.
एक तुकडा, एक काडी.
उभ्यानं खायचं, सगळ्यांनी एकाच वाडग्यात बुडवून,
आणि काडी आपल्या बशीत ठेवायची.
शेवटी मामा काड्या मोजतो. तेवढेच पैसे.

नाखवा फाकी रोज नऊ खातो
आणि बशीत सहा ठेवतो.
तीन कुठे जातात ते मला माहीत आहे,
मामालाही.
कांझूच्या डाव्या खिशात.
त्याचं गलबत दोन वर्षांमागे विकलं गेलं,
जळाऊ लाकडाच्या भावानं.
एकदा मी बोलणार होतो. मामानं सुरीची मूठ
माझ्या गुडघ्यावर हळूच ठोकली.
"वारा घाल," म्हणाला.

मिझे येते ती याच वेळेला, पैशांसाठी.
कमरेइतक्या पाण्यात उभं राहून
खडकाच्या बिळातून हा तिनंच ओढून काढला,
दगडावर साठ वेळा आपटला, मऊ पडेपर्यंत.
तिच्या मनगटावर गोल गोल वळ आहेत,
कुणी नाणी दाबून धरली असावीत तसे.
थांबता थांबता ती जाळीवरून एक टोक उचलते,
सरळ बोटांनी.
तिला काडी लागत नाही.

आज वीज गेली.
अख्खा धक्का एका फुंकरीत विझला.
कुणी हसलं, कुणी अल्लाचं नाव घेतलं,
बी टाटूच्या तेलात काहीतरी चर्रर् झालं.
मी पंखा जोरात हलवला, उजेड पडावा म्हणून.
निखारे फुलले, आणि खालून लाल झालेली तोंडं दिसली,
सगळी चावतच होती.
धक्क्याखाली पाणी मागे मागे सरकत होतं.

मग ओमारीनं चिमणी लावली.

मामानं एकेचाळीस तुकडे कापले होते.
काड्या निघाल्या चव्वेचाळीस.
पुन्हा मोजल्या. चव्वेचाळीस.
त्यातल्या तीन कोरड्या ठणठणीत,
टोकाला तिखट वाळून काळं पडलेलं,
एक मधोमध वाकलेली.

"बारा झाल्या, नाखवा."
नाखवा समुद्राकडे बघत होता.
"दक्षिणेचा वारा धरणार आता," म्हणाला,
आणि उजव्या खिशातून पैसे काढून बशीत ठेवले.
दहाचेच भरले. मामानं घेतले.

मिझे नाकातल्या नाकात हसली:
"याचं गलबतही असंच होतं. थोडं गळायचंच."
यावर नाखवाच मोठ्यानं हसला,
दात नसलेल्या बाजूनं.

"उद्या ओहोटी दहाला," जाताना ती म्हणाली,
आणि पैसे न मोजताच कमरेला खोचले.

त्या तीन काड्या मी विस्तवात टाकल्या.
वाळलेलं तिखट जळलं आणि ठसका लागला सगळ्यांना,
मामाला, नाखव्याला, मला,
रांगेतल्या पोलिसालासुद्धा.
बराच वेळ
कुणालाच काही बोलता येईना.