दर लाखी

नियम क्रमांक चार:
रुग्ण या शहरात किमान वर्षभर राहिलेला असावा.
नसेल, तर तो आपला नाही.

श्रीरंग महाडिक, वय अडतीस, लिम्फोमा.
चौदा वर्षं सुरतेला, साड्यांच्या ट्रान्सपोर्टमध्ये.
कंपूला आईकडे परतला, त्यानंतर दहा महिने.
फॉर्मवर एक रकाना कोरा.
डॉक्टरांनी तिथे पेन टेकवून उचललंय,
शाईचा ठिपका आहे फक्त.
असे ठिपके मला आता वाचता येतात.

पत्ता पडताळायला घरी गेले.
फेब्रुवारीचं ऊन वर किल्ल्यावर होतं, गल्लीत नव्हतं.
इंदुताईंनी गजक पुढे केली, स्वतः घेतली नाही.
"आधी नागीण उठली," म्हणाल्या,
"मग तोंड आलं, मग खोकला हटेना, मग मानेला ही गाठ.
एकामागून एक येतच गेलं बघा,
जशी कुणी दाराची कडी काढून ठेवली होती."

कडी कशानं निघाली ते त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
कोऱ्या रकान्यासारख्या बसून राहिलो दोघी.

सांगण्याजोगं एवढंच होतं:
हा विषाणू दहातल्या नऊ जणांत असतो.
लहानपणीच येतो, उष्ट्या पेल्यातून,
आईनं फुंकर घालून भरवलेल्या घासातून,
आणि जन्मभर निजून राहतो.
तुमच्यात आहे, इंदुताई. माझ्यात आहे.
खाली गजक कुटणाऱ्या त्या पोराच्यातही असेल.
पहारा उठला, की मगच तो उठतो.

यातलं एक वाक्य मी चहाबरोबर गिळलं.
घासाचं.

निघताना त्यांनी फोटो दाखवला.
"लाखात एक होता हो माझा."
मी मान हलवली.
आमचाही हिशेब लाखातच असतो:
पुरुष, वयोगट पस्तीस ते एकोणचाळीस, दर लाखी अमुक,
वर अंश, खाली छेद, मधे रेघ.
सुरतेच्या वहीत तो गाव सोडून गेलेला.
आमच्या वहीत अजून आलेलाच नाही.
राहिली ती रेघ.

संध्याकाळी फॉर्म 'अपात्र'च्या गठ्ठ्यात ठेवला.
दोरी पुरेना, म्हणून सोडून मोजले:
सुरत, भिवंडी, लुधियाना, परत सुरत.
एकतीस.
आजारी पडल्यावर घर आठवलेले एकतीस.
पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं आकडा लिहिला,
खाली रेघ ओढली.

परतलेल्यांची मोजदाद कुणाकडेच नाही.
छेद कुठून आणू?
गठ्ठ्याला दुसरी दोरी जोडली, गाठ मारली.